मनी गं बा

नांदेड, ३ मार्च २०२५

ती. लक्ष्मम्मा आत्यास,
सोमेशचा शरणार्थ, सा. न. वि. वि.

आत्या, तुमचा भाचा फेमस झाला! माझ्या "मनी गं बा" गाण्याला यूट्यूबवर चाळीस लाख व्ह्यूज झाले. नांदेडात या गाण्याबिगर एक हळद होत न्हाई. तुम्ही मोबाईलला हात लावत न्हाईत, म्हणून मुद्दाम पत्र.

चाल तुमच्याच गावची बरं का. पाच वर्षांचा असताना तिथं एक वरात बघितली होती. नवरीला फुलांच्या मखरात मांडी घालून बसवलेलं, पुढं बँड, मागं बाया गात होत्या. तीन शब्द तेवढे ध्यानात राहिले, अन् त्यातलं "मनी" नेमकं आमच्या मंजुश्रीचं लाडकं नाव निघालं! मग व्हिडिओत बायकोलाच मखरात बसवलं, अन् सुरुवातीला तिचं पूर्ण नाव घातलं. लई देखणी दिसली. पुढची कडवी येत असतील तर लिहून पाठवा.

भाच्यावरची माया आटू देऊ नका.
तुमचा सोमेश

निलंगा, जि. लातूर, ८ मार्च

चि. सोमेश यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं अन् हातातलं काम टाकून लिहायला बसले. येड्या, ती वरात नव्हती. ती तुझी आज्जी होती. आपल्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून नेतात, बसवूनच माती देतात. तू रडशील म्हणून वरात हाय असं मीच तुला सांगितलं होतं.

बाया "मनी गं बा" म्हणत नव्हत्या रे. कानडीत "मण्णिगे बा" म्हणत होत्या. मण्णु म्हंजे माती. मातीला ये. आपल्या घरात मेलेल्याचं नाव घेऊन तीनदा म्हणतात अन् गप बसतात. तू जित्या बायकोला मखरात बसवून, तिचं नाव घेऊन गावोगाव हाका मारून राहिलास! गाणं बंद कर. मनी कशी हाय ते आधी कळव.

तुझ्या काळजीत,
आत्या

नांदेड, १३ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मनी पंधरा दिवसांपासून धड जेवत न्हाई. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल. कुठं डीजेवर ते गाणं लागलं की हातातलं काम टाकते, भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसते अन् डोळे मिटते. काल तिची मूठ उघडली तर आत ओली माती. आत्या, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात कुंडीसुद्धा न्हाई.

गाणं काढून टाकलं. पण लोकांनी उतरवून घेतलंय, त्याची रिल्स केलीत. आत्ताही खाली कुणाची तरी हळद चालू हाय. मला लई भ्या वाटून राहिलंय. काहीतरी उपाय सांगा, पाया पडतो.

तुमचा सोमेश

निलंगा, १७ मार्च

चि. सोमेश यास अ. उ. आ.

धीर सोडू नको. नाव घेऊन मारलेली हाक माघारी घेता येत न्हाई, असं आमची आई म्हणायची. पण नाव बदलता येतं. तेच गाणं परत म्हण अन् मनीच्या नावाच्या जागी माझं घाल. "लक्ष्मम्मा, मण्णिगे बा." तीनदाच.

मी अठ्ठ्याहत्तरची हाय. शेतात मालकांच्या समाधीशेजारची जागा मोकळीच हाय. लेकराला खोटं मी सांगितलं, तवा निस्तरायचं बी मीच. उगं शहाणपणा करू नको, सांगितलं तेवढं कर. मनीला दोन घास भरव.

दोघं सुखानं नांदा.
आत्या

नांदेड, २१ मार्च

ती. आत्याबाईंना,
मंजुश्रीचा सा. न. वि. वि.

परवा तुमचं पत्र आलं. ते वाचून हे लगेच स्टुडिओत गेले, अर्ध्या तासात परत आले. म्हणाले, आत्याचं नाव घातलं. त्याच संध्याकाळी मी दोन भाकरी खाल्ल्या. तुमच्या नावानं खूप रडले, अन् जीव वाचला म्हणून बरंही वाटलं. खोटं कशाला सांगू.

पण आज सकाळपासून हे भिंतीला पाठ लावून, मांडी घालून बसलेत. हाक मारली तर डोळे उघडत नाहीत. मी स्टुडिओत जाऊन ते रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात तुमचं नाव नाही. यांनी स्वतःचं घातलंय.

यांची मूठ उघडून बघायची माझी हिंमत झाली नाही. हे पत्र निलंगा गाडीच्या कंडक्टरजवळ देते. त्याच गाडीनं उत्तर पाठवा. मी स्टुडिओतच थांबलेय, माईक चालू आहे. आत्याबाई, आता कुणाचं नाव घालू?

तुमची सून,
मंजुश्री