पेटीवरची गोधडी

मंगळवार, संध्याकाळ

एसी-फ्रिजचं काम शिकतोय त्याला वर्ष होईल. आज शेठने पहिल्यांदा एकट्याला पाठवलं, कात्रपला. मयत गार ठेवायची भाड्याने दिलेली फ्रीजरची शवपेटी गार होत नव्हती, आणि गेलेल्या पोराची बहीण उद्या दुबईहून यायची होती.

मशीन चांगलं होतं. त्या पोराच्या आईनेच पेटीवर गोधडी टाकलेली, हवेची जाळी झाकून. "काढू नको रे, त्याला थंडी सोसत नाही."

असल्या वेळी काय करायचं हे कोण शिकवतं? शेवटी ओढूनच काढली गोधडी आणि घडी करून तिच्या मांडीवर ठेवली. पेटी गार झाली. शेठ फोनवर "शाब्बास" बोलला.

घरी आलो तर आईने माझ्या अंथरुणावर गोधडी काढून ठेवलीय. थंडी वाजतेय. अंगावर घेववत नाही.