तीन हजार वर्षं आणि एक फूटपट्टी

२ जानेवारी, सकाळी ६.४०
यंदा संकल्प एकच, पण दणदणीत. प्राचीन चिनी लिपी कशी बदलत गेली, ते मशीन लर्निंगने शोधायचं. डिसेंबरच्या आत पेपर. मला चिनी येत नाही. पण कॉम्प्युटरलाही येत नाही, म्हणजे सुरुवात बरोबरीने.

कॉलेजात हेडनी बोलावून सांगितलं होतं की मी अठरा वर्षं कॉम्प्युटर शिकवतोय, पण नावावर एक पेपर नाही. यंदाही नसला तर कायमचा टाइमटेबल कमिटीवर. हसत सांगत होते. माझ्याकडून त्यांना मोठ्या अपेक्षा आहेत.

२ जानेवारी, सकाळी ७.०५
हिला सांगितलं. चिनीच का, म्हणाली. म्हटलं, तिथे गर्दी कमी. चिनी लोकांच्यात? असं म्हणून पर्स उचलून लॅबला गेली.

हिची लॅब म्हणजे दातांची. डेंटिस्ट माप पाठवतात, ही मेणात दात कोरते, त्याचा साचा करून धातू ओतते. बावीस वर्षं तेच. हिला संशोधन काय कळणार!

११ जानेवारी
म्युझियमला गेलो. लिपी विभाग सांभाळणाऱ्या बाई साठीच्या घरातल्या. नाव विसरलो, लिपीबाई म्हणू. खोलीभर ड्रॉवर, प्रत्येक अक्षराला एक कार्ड, एकतीस वर्षांचं काम. मी धीर दिला, म्हटलं आता कार्डांची गरज उरणार नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं, खोली झाडता येईल. दिलदार बाई.

सगळ्यात जुनी अक्षरं हाडांवर आणि कासवाच्या कवचावर कोरलेली. पाऊस पडेल का, लढाई करू का, असं राजा पूर्वजांना विचारायचा. दुसरी कांस्याच्या भांड्यांवर. दोन्हींचे मिळून चार हजार अक्षरांचे फोटो त्यांनी दिले. शिवाय सल्ला दिला, आधी शंभरेक अक्षरं स्वतः हाताने काढून पाहा. जुनी पिढी!

१४ जानेवारी
फोटोंतून एकेक अक्षर कापून घ्यायचं. रोज पाचशे. आठ दिवसांत फडशा.

१५ जानेवारी
अकरा. मान धरली.

१६ जानेवारी
काम हिच्याकडे सोपवलं. हिचा हात बारीक कामाला सरावलेला. मी व्हिजन सांभाळतो. कांस्याच्या फोटोंत खाली फूटपट्टी आहे, ती पण कापून टाकू का, असं विचारत होती. म्हटलं, अजिबात नको. डेटा जितका जास्त तितका चांगला.

३० जानेवारी
संध्याकाळी ही फोटो कापता कापता एकटीच हसत होती. म्हणे एका राजाची दाढ दुखत होती आणि कुठला पूर्वज रागावलाय ते त्याने हाडावर कोरून विचारलंय. आमच्याकडे पाठवायला हवा होता त्याला, म्हणाली. हे हिला कळलं कसं? तर परस्पर लिपीबाईंना फोन. रोज करते म्हणे. समजावलं की मजकुरात शिरू नको, आपल्यासाठी तो फक्त डेटा.

१९ फेब्रुवारी, सकाळी ९.००
चार हजार अक्षरं तयार. मशीन सुरू केलं.

१९ फेब्रुवारी, सकाळी ११.३०
अचूकता ९९.२ टक्के!!! अक्षर दाखवा, हाडावरचं की कांस्यावरचं ते फटकन सांगतं. पाणी प्यालो. टाइमटेबल कमिटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला.

२२ फेब्रुवारी
महाशोध. हाडावरचा सूर्य चौकोनी, कांस्यावरचा गोल. म्हणजे चौकोन झिजत झिजत गोल झाला. माझा अंदाज, दोनशे वर्षं. नियमाला माझं आडनाव द्यावं का? स्वतःच दिलं तर बरं दिसणार नाही. हेडनी द्यावं.

हिला सांगितलं. ही म्हणाली, तुम्ही हाडावर गोल काढून दाखवा. विषय काय, ही बोलते काय.

२३ फेब्रुवारी
हिने खाटकाकडून खरंच हाड आणलं. लॅबमधलं कोरणीचं हत्यार माझ्या हातात दिलं. पाऊण तास खपलो. चौकोन आला, तोही वाकडा. बोटाला पट्टी.

मग हिने मेणाचा गोळा घेतला आणि एका दमात गोल काढला. म्हणाली, कठीण वस्तूत हत्यार वळत नाही, सरळच जातं. कांस्याची अक्षरं आधी साच्याच्या मऊ मातीत काढत असतील, म्हणून गोल. काळाचा काही संबंध नसेलही. एकाच वेळी एक जण हाडावर चौकोन काढत असेल आणि दुसरा मातीत गोल.

म्हटलं, मशीन ९९.२ म्हणतंय.
हिने मेण डबीत ठेवलं. झाकण लावलं आणि पोळ्या लाटायला गेली. माझा मुद्दा पटला असावा.

५ मार्च, सकाळी १०.००
आज म्युझियममध्ये डेमो. हेड येणार. हिनेही अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. नवा शर्ट.

५ मार्च, संध्याकाळी ५.१५
संमिश्र प्रतिसाद.

सुरुवात झकास झाली. मग लिपीबाईंनी टेबलावरची फूटपट्टी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. नुसती फूटपट्टी. मशीन म्हणालं: कांस्य, ९९ टक्के. हेडनी स्वतःचा पंजा धरला. हाड, ९७ टक्के. (हेडच्या बाबतीत मशीन फारसं चुकलेलं नाही.) लोक हसले. मीही हसलो, म्हणजे विनोद माझाच होता असं वाटावं.

मग लिपीबाईंनी सौम्यपणे सांगितलं की चौकोनी सूर्य असलेली काही हाडं आणि गोल सूर्य असलेली काही भांडी एकाच काळातली आहेत. मी म्हटलं, यावर मशीनचा विचार चालू आहे.

तेवढ्यात मागच्या रांगेतून ही उठली. हाडाचं आणि मातीचं सगळं सांगितलं, दाताच्या भाषेत. लिपीबाईंनी चष्मा काढून पुसला आणि हिला विचारलं, शनिवारी मोकळ्या आहात का?
मला कोणी काही विचारलं नाही.

९ मार्च
हेडनी टाइमटेबलच्या ग्रुपमध्ये परत घेतलं. अ‍ॅडमिन केलं. पदोन्नतीच म्हणायची.

२० एप्रिल
हिने कांस्याच्या सगळ्या फोटोंतली फूटपट्टी कापून काढली. मशीन पुन्हा चालवलं. ६१ टक्के. मी डोकं धरून बसलो, तर हिला आनंद! म्हणाली, आता ते फूटपट्टी सोडून अक्षराकडे बघतंय. चुकलंय कुठे तेवढं मला छापून द्या.
दिलं. चुकांचं कोणी काय करणार?

१५ जून
चुकांचंच चाललंय. काही हाडांना मशीन हटकून कांस्य म्हणतं, कारण त्यांवर खरोखर गोल वळणं आहेत. दोघींनी ती हाडं भिंगाखाली धरली. ही म्हणते, वळणावर हत्यार जरा उचलून परत टेकवायची एकच लकब सगळीकडे आहे. हिच्या लॅबमध्येही कुठला दात कोणी कोरला ते हिला न सांगता ओळखता येतं. बावीस तुकडे, एकच कारागीर. तीन हजार वर्षांपूर्वीचा, बिननावाचा, हाडावर गोल काढायचा हट्टी माणूस. सांगताना हिचे डोळे भरून आले. बावीस वर्षांत कामाबद्दल ही इतकं बोललेली आठवत नाही. मी विचारलेलंही आठवत नाही.

असो. माझ्या मशीनच्या चुकांमुळे शोध लागला. म्हणजे शोध मूळ माझा.

३ सप्टेंबर
पेपर स्वीकारला गेला! लेखिका दोन: लिपीबाई आणि ही. मी आभारात. स्कॅनर दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या खाली. महत्त्वाची नावं शेवटी घ्यायची पद्धत असते.

१८ नोव्हेंबर, सकाळी ९.१५
परिषद. छातीवर लावायला बिल्ला मिळाला. त्यावर लिहिलंय: लेखिकेसोबत. काउंटरवर सांगितलं की मशीन माझं आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, सामान मागच्या दाराने आणा.

१८ नोव्हेंबर, दुपारी १२.१०
ही वीस मिनिटं बोलली. एकदाही अडखळली नाही. मी पहिल्या रांगेत. तळहात घामाने ओले, माझे.

शेवटी कोणीतरी विचारलं, मशीनबद्दल सांगाल का? हिने हात करून सांगितलं, ते माझे मिस्टर सांगतील, सगळं त्यांचंच आहे. सभागृह माझ्याकडे वळलं. माझ्या हातात माइक आला. अठरा वर्षं या क्षणाची तयारी चालली होती. उभा राहिलो. शर्ट सारखा केला. घसा साफ केला.

अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली, चहा घेऊ या.

अर्ध्या मिनिटात सभागृह रिकामं. ही धावत खाली आली, काय सांगणार होतात म्हणाली. मी सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला चार प्रोफेसर हिला घेऊन गेले. हिने दारातून दोनदा वळून पाहिलं.

उरलेलं भाषण चहाच्या टेबलाशी कप गोळा करणाऱ्या बाईंना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत मन लावून ऐकलं. मग विचारलं, झाला का कप?