बाबांची डावी बाजू

प्रिय इंदर,

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून लिहून राह्यलो. आधी बातमी. कापसाच्या जिनिंग कारखान्याची रस्त्याकडची अख्खी भिंत मला रंगवायला मिळाली. फ्लेक्सच्या जमान्यातही राळेगावात लोक म्हणतात, अक्षर पाहिजे तर श्रावण पेंटरचं. ओळंबा लावून तपास, उभी रेघ केसभर कलणार नाही. कोणाच्या हाताखाली न राहता शिकलो, तुले माहीतच आहे.

त्याच भिंतीवर काम करताना डावीकडचा रंगाचा डबा माझ्याच कोपरानं पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तुझी वहिनी म्हणाली, "भिंतीवर सरळ रेघ ओढता अन् घरात पाटाले ठेचकाळता! डोळे दाखवा." यवतमाळला गेलो. तक्त्याची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली, छाती फुगवून. पण डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातला दाब मोजला, थेंब टाकून आतली नस पाहिली आणि एका यंत्रापुढं बसवलं. मधल्या ठिपक्यावर नजर रोवायची, कडेला उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. मला वाटलं, यंत्र मधेमधे बंद पडतंय. ते चालूच होतं. काचबिंदू! हा समोरचं बरीच वर्षं लख्ख ठेवतो आणि कडा गुपचूप खातो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखता येते. मी राखतोय. थेंब टाकला की डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धरतो. गालावर काही सांडत नाही. असे नीट थेंब टाकणारे पेशंट कमीच, असं बाई स्वतः म्हणाल्या.

त्यांनी विचारलं, घरात कोणाला होता? मी ताठ मानेनं सांगितलं, आमचे वडील मारोतराव, मरेपर्यंत चष्मा लावला नाही. आणि बोलता बोलता थांबलो. शेवटी शेवटी बाबा दाराच्या चौकटीला खांदा घासायचे. बाजूनं हात जोडणाऱ्याकडे पाहायचे नाहीत. गाव म्हणायचं, मारोतरावाले माज आला. आपला बाप कोणापुढं झुकत नाही म्हणून आपल्याला ते ऐकून बरंच वाटायचं, खरं सांग.

आता तो दसरा आठव. शेती सोडून तू पुण्याच्या कंपनीत लागला होतास, बाबांचा राग होताच. अंगणात सोनं द्यायला गर्दी. तू डावीकडून आलास आणि काही न बोलता आपट्याची पानं पुढं धरलीस. बाबांनी समोर उभ्या बबनरावांचं सोनं घेतलं, त्यांना मिठी मारली. तुझा हात तसाच राहिला. सगळ्या गल्लीनं पाहिलं. पानं ओट्यावर टाकून तू स्टँडवर गेलास, ते एकदम बाबांच्या तेरवीलाच आलास.

तू गेल्यावर काय झालं, ते तुला कोणी सांगितलं नाही. जेवायला बसताना बाबा म्हणाले, "इंदर आला नाही काहून? सोनं द्याले तरी यावं की नाही त्यानं!" आम्हाला वाटलं, टोमणा मारून राह्यले. आम्ही ताटं पुढं ओढून जेवायला लागलो. तो टोमणा नव्हता रे. तू आलेला त्यांना दिसलाच नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणतात, बाबांना काचबिंदूच होता असं आता खात्रीनं सांगता येणार नाही. मी सांगतो. रागातही पोराची वाट पाहणारा बाप होता आपला, आणि कडेची नजर गेली तरी शेवटपर्यंत कोणाचा हात न धरता चालला.

बाबांची बाजू मांडायला हे लिहिलं असं तुला वाटेल. तेवढंच असतं तर भेटीपर्यंत थांबलो असतो. पण हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, आणि तू चाळिशी कधीच ओलांडलीस. परवा फोनवर तुझी पायल हसत सांगत होती, "काका, पप्पांनी गाडी पुन्हा पार्किंगच्या खांबाला घासली, अन् शिव्या खांबालाच!" मी हसलो नाही. इंदर, नुसता चष्म्याचा नंबर काढून परतू नको. दाब, नस आणि कडेची नजर, तिन्ही तपासून घे. डॉक्टरांना सांग, भावाला आहे, वडिलांनाही असावा. उद्या लेक न बोलता बाजूला येऊन उभी राहिली, तर ती तुला दिसली पाहिजे.

या आठवड्यातच जाशील, या भरवशावर,
तुझाच दादा
श्रावण