चौतीस नमस्कार

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
ती. बाबांना सा. न.

इकडे आम्ही सगळे मजेत. छोटी नव्या शाळेत इतकी रुळली आहे की आता आमचेच उच्चार दुरुस्त करते. हिला औषधांच्या दुकानात अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. मी परवाच समुद्रातल्या तेलाच्या तळावरून परतलो. सहा आठवड्यांत एक मोडलेलं बोट, दोन किडलेले दात आणि एका तगड्या वेल्डरला घरची आठवण, एवढेच रोगी. शेवटच्यावर माझ्या कपाटात औषध नव्हतं.

आता मुद्द्याचं. तुला संघटनेमुळे कागद कळतात, म्हणून तुलाच लिहितो. आम्हाला इथे स्थायिक होऊन वर्ष झालं. हा देश नव्याने आलेल्यांना सात वर्षं सवलत देतो : बाहेर काम करून मिळवलेल्या पैशावर इथे कर नाही. पण तिकडच्या कर कार्यालयाने मला अजून तिकडचाच रहिवासी धरलं, तर तळावरची सगळी कमाई तिकडे कराला लागेल. आणि रहिवासी कोण, हे नुसत्या दिवसांवर ठरत नाही. दिवस मी मोजतोच. कंपनीच्या कामासाठी तिकडे थांबतो ते वर्षाकाठी नव्वदच्या वर जात नाहीत. त्यापलीकडे ते बघतात की माणसाचं आयुष्य कुठे आहे. घर कुठे, सामान कुठे, माणसं कुठे.

आमच्या सल्लागारांच्या मते तिकडे आपल्या घरातली मागची खोली ही मोठी अडचण आहे. तिथे माझा पलंग, माझी पुस्तकं, आणि किल्ली माझ्या खिशात. म्हणजे कायद्याने ते माझं घर झालं. तेव्हा खोली लेखी कराराने भाड्याने द्यावी, पुस्तकं आणि सायकल कुणाला तरी देऊन त्यांच्या पावत्या घ्याव्यात, दारावरच्या पाटीवरून माझं नाव काढावं. किल्ली मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवतो आहे. पोचपावती जपून ठेव.

लोभ आहेच, तो असाच राहो.
तुझा,
डबडू

---

१९ फेब्रुवारी

चि. डबडूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट आलं की आधी बाबा घेतात. छापखान्यातल्या यंत्रांनी चाळीस वर्षांत त्यांचे दोन्ही कान नेले, म्हणून तर फोनच्या जमान्यात आपल्या घरात पत्रं चालतात. ते भिंग लावतात, वरच्या ओळीतला आपला नमस्कार घेतात, मान हलवतात आणि मग पत्र माझ्याकडे देतात. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग उठून कानस शोधू लागले.

पाटी पितळेची, नावं खोदलेली, त्यामुळे तुझं नाव काढायचं म्हणजे घासायचंच. त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर धरून स्वतः घासली. एकेका अक्षरानंतर दम खायला बसत होते. मी हात लावायला गेले तर मला सांगितलं की मला सरळ रेषेत घासता येत नाही. तू एकदा येऊन पाहा. तिथे आता आरशासारखा गुळगुळीत पट्टा आहे, त्यात दार उघडणाऱ्याचं नाक दिसतं.

सायकल कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला दिली. त्याने पावतीवर लिहिलं की एक जुनी सायकल, घंटी नाही. बाबांनी त्याला घंटी वाजवून दाखवायला लावली, तो वाजवत असताना त्याच्या चेहऱ्याकडे बघून खात्री करून घेतली, आणि पावती दुरुस्त करून आणली. पुस्तकं वाचनालयात गेली. खोलीत एक शिंपीणबाई आल्या आहेत, भल्या आहेत. त्यांचं यंत्र दिवसभर चालतं आणि घरात ते ऐकू येणारी मी एकटीच. करार, पावत्या, सगळं सोबत आहे.

तुला कळवायचं म्हणून कळवते : बाबांना हल्ली तीन उशा लागतात. आडवं झालं की धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात, मोजे काढले की वळ राहतो. मी तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई आहे, मला यातलं कळतं. तुला माझ्याहून जास्त कळतं.

आणि आता चार शब्द माझे, कारण ते बोलल्याशिवाय मला अन्न जाणार नाही. कर भरू नये असं मी म्हणत नाही, चुकवावा असंही नाही. जे कायद्यात बसतं ते कर. पण हा कसला कायदा, की जो माणसाला विचारतो तुझं आयुष्य कुठे आहे, आणि मग ते तिथून उपटून दाखवल्याबद्दल बक्षीस देतो? माणूस गाव सोडतो तेव्हा मागे काहीतरी उरतं, उरायलाच हवं. तू त्या उरलेल्याची पावती मागतोस. मी फाटकावर उभी राहून चारशे नर्सांपुढे बोलते आणि माझा आवाज फाटत नाही, पण परवा त्या ओट्यापाशी मी नुसती फडक्याने पितळेचा कीस पुसत राहिले. असो. तू लोकांना झोपेची गोळी देतोस, मी त्यांना जागं करते. आपले धंदेच उलटे.

भाचीला आत्याचा पापा. माया आहे, ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई

---

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
ती. बाबांना सा. न.

कागद मिळाले. फार व्यवस्थित आहेत. सल्लागार म्हणाले की इतकी स्वच्छ फाइल त्यांनी कुणाच्या घरून आलेली पाहिली नाही. सायकलच्या पावतीवर तर ते खूश झाले.

दोन गोष्टी राहिल्या. दवाखान्यात बाबांच्या केसपेपरवर जवळचा नातेवाईक म्हणून माझं नाव आणि नंबर आहे. तिथे तुझं घाल. दुसरं, बाबांच्या हातचा एक कागद हवा की ते कोणत्याही बाबतीत माझ्यावर अवलंबून नाहीत. मजकूर सोबत जोडला आहे, त्यांनी फक्त स्वतःच्या अक्षरात उतरवायचा. शब्द बदलू नयेत.

यापुढे तिकडे आलो की मी कंपनीच्या कार्यालयासमोरच्या हॉटेलात राहीन. मुक्काम बाहेर आहे याला बिलांचा आधार हवा. घरी चक्करही सध्या टाळावी असं ठरलं आहे. माझा पुढचा मुक्काम मेच्या मधल्या दोन आठवड्यांत. हे बाबांना तूच योग्य शब्दांत सांग. तुला शब्दांची काय कमी.

छोटी आत्याला पापा पाठवते आहे.

लोभ आहेच.
तुझा,
डबडू

---

९ जून

चि. डबडूस,
आशीर्वाद.

तुझा मजकूर बाबांनी उतरवून दिला, तो गेल्या महिन्यात पाठवला. तुझ्या मजकुरात शुद्धलेखनाची एक चूक होती. शब्द बदलू नयेत असं तू लिहिलं होतंस म्हणून त्यांनी ती चूकही तशीच उतरवली. आयुष्यात पहिल्यांदा.

आता नीट वाच. मेच्या एकवीस तारखेला मी परगावी संघटनेच्या बैठकीत होते. दुपारी बाबांना श्वास मिळेना. शिंपीणबाईंनी यंत्र तसंच चालू सोडून त्यांना रिक्षात घातलं. दवाखान्यात केसपेपर काढला, त्यावर एकच नंबर, माझा. मी व्यासपीठावर होते, फोन पिशवीत बंद. चार तास त्या वॉर्डात त्यांच्यासाठी सही करायला आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं. छातीतलं पाणी काढायला उशीर झाला तो या सहीसाठी.

त्याच दुपारी आमच्या संघटनेतल्या एका नर्सने तुला हॉटेलच्या काचेआड जेवताना पाहिलं. दवाखान्याच्या फाटकापासून बसचे तीन थांबे. मी तिला म्हटलं की तुझी पाहण्यात चूक झाली असेल. तिने तुझ्या शर्टाचा रंग सांगितला.

बाबांना ठाऊक होतं. तुझ्या तारखा त्यांच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलेल्या असतात. तरी वॉर्डातल्या नर्सने मुलाबद्दल कागदावर लिहून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की मुलगा समुद्रावर आहे, तिथे फोन लागत नाही.

ते आता घरी आहेत. बसून झोपतात.

काल कर कार्यालयाचं पत्र आलं. तू लिहून दिलं आहेस की इथे तुझं घर नाही आणि कुणाशी जिव्हाळ्याचा संबंध उरला नाही. याबाबत घरच्यांना काही म्हणायचं असेल तर पुराव्यासह यावं, असं त्यांनी कळवलं आहे. मी जाणार. पुरावा माझ्याकडे आहे : तू गेल्यापासूनची तुझी चौतीस पत्रं, दोऱ्याने बांधलेली. चौतीस पत्रांत बाबांना चौतीस नमस्कार. ज्याचा घराशी संबंध नाही तो माणूस बापाला चौतीसदा नमस्कार घालत नाही.

तुझ्याकडून कर वसूल व्हावा म्हणून मी जात नाही. तो पैसा समुद्रात गेला तरी मला सुतक नाही. मला एका सरकारी कागदावर, शिक्क्यानिशी, एवढंच लिहून हवं आहे की हा मुलगा या घरचा आहे. बाबांच्या डोळ्यांदेखत. पाटीवरून घासलेलं मला कुठेतरी परत लिहायचं आहे.

माया आहे म्हणूनच हे करते आहे.
ताई

---

१६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
ती. बाबांना सा. न.

तुझं पत्र मिळालं. दवाखान्याचं बिल तुझ्याच नावावर कर. माझ्या नावाचा कुठेही उल्लेख नको.

बाकीच्याबद्दल स्पष्ट लिहितो. निकाल माझ्या विरुद्ध गेला तर दीड वर्षाचा कर आणि वर दंड. इथल्या घराचे हप्ते थांबतील, छोटीची शाळा सुटेल. हे तुझ्या व्याख्यानाचं मोल. तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या संसारासाठी घसा फोडलास, कारण स्वतःचा तुला जमला नाही. आता माझ्या संसारावर सभा घेऊ नकोस. बापाचं दुखणं तुला नेहमीच भाषणासारखं वापरता आलं आहे. आई गेली तेव्हाही तू स्मशानात बोलली होतीस, आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या होत्या.

तरीही गेलीसच तर एक कर. पत्रं निवडून देऊ नकोस. सगळी दे, चौतीसच्या चौतीस, आणि हे पस्तिसावंही. त्यातलं एकही पान गाळू नकोस, अशी सल्लागारांची विनंती आहे.

तुझा,
डबडू

---

३० जुलै

चि. डबडू,

काल सुनावणी झाली. तू मागितलंस तसं सगळं दिलं, पस्तिसावंसुद्धा. आठवडाभर आधी गठ्ठा नेऊन दिला होता.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बाबांशी बोलायला ठेवलेल्या दगडी पाटीवर मी येऊ नका म्हणून खडूने लिहून दाखवलं, पण त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला होता. प्रत्येक वळणावर ते कठड्याला टेकून उभे राहत आणि वर किती राहिलं ते बोटांनी विचारत. आम्हाला तीन मजल्यांना पस्तीस मिनिटं लागली.

अधिकारी बाई माझ्याच वयाच्या, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी मला बोलू दिलं. मी पाऊण तास बोलले. तू ऐकायला हवं होतंस. मी त्यांना म्हटलं की माणूस म्हणजे मुक्कामाच्या दिवसांची बेरीज नव्हे. की पाय जातील तिकडे जातील, माणसाचं आयुष्य जिथे त्याची वाट पाहिली जाते तिथे असतं. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला होता. मी आजवर इतकं चांगलं कधी बोलले नाही.

मग त्यांनी तुझा गठ्ठा पुढे ओढला. प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांनी अतिशय सौम्यपणे सांगितलं की त्यांनी पत्रं दोनदा वाचली, दुसऱ्यांदा केवळ माझ्यासाठी. पस्तीस पत्रांत मुलाने एक्कावन्न वेळा कागद मागितले आहेत. वडिलांविषयी एकही प्रश्न नाही. मी नुकत्याच सांगितलेल्या तीन उशांबद्दल त्याला कळवल्यानंतर नाही, छातीतून पाणी काढल्यानंतरही नाही. आणि मुलगा डॉक्टर आहे. मी नमस्कारांकडे बोट दाखवलं. त्यावर त्या म्हणाल्या की नमस्कार हा पत्राचा मायना झाला, आणि मायना हा पुरावा नसतो. त्या स्वतः थकबाकीदारांच्या नोटिशीत खाली आपली विश्वासू असं लिहितात.

डबडू, मी ती पत्रं वाचली होती. दर वेळी, स्वतःशीच मोठ्याने, दोनदा. मला ते दिसलं नव्हतं.

निकाल तिथेच लिहून मिळाला. तुझा या घराशी जिव्हाळ्याचा संबंध असल्याचं दिसून येत नाही, सबब तू इथला रहिवासी नाहीस. खाली शिक्का. तुझ्या सल्लागाराच्या फाइलीत जे नव्हतं ते मी नेऊन दिलं.

बाबांनी शिक्का पाहिला आणि माझ्या दंडाला हात लावून विचारलं की काय झालं. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मला ते लिहावं लागलं. मी खोटं बोलत नाही याचा मला फार गर्व होता. मी त्यांच्या पाटीवर लिहिलं की तुमचा मुलगा जिंकला. ते हसले. अधिकारी बाईंना त्यांनी हात जोडले आणि त्यांच्या त्या मोठ्या, न ऐकणाऱ्या माणसाच्या आवाजात सांगितलं की मुलगा डॉक्टर आहे, लहानपणापासून हुशार.

निकालाची प्रत सोबत आहे.

ताई

---

११ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
ती. बाबांना सा. न.

निकाल पोचला. तुझे उपकार कसे मानू? सल्लागार म्हणाले की घरच्या माणसाने विरोधात येऊन दिलेल्या पुराव्याइतका भक्कम पुरावा दुसरा नसतो. आम्ही कितीही खर्च केला असता तरी हा मिळाला नसता. मागच्या पत्रात मी जे बोललो ते मनावर घेऊ नकोस. ते पत्रही फाइलीत जाणार हे ठाऊक असल्यामुळे तसं लिहावं लागलं. निकालाची आणखी एक साक्षांकित प्रत तेवढी काढून पाठव.

छोटीची शाळा पक्की झाली. ही तुझी आठवण काढते.

आता प्रकरण बंद झालं आहे, तेव्हा हरकत नाही असं सल्लागार म्हणतात. आम्ही निघालो त्या आठवड्यातच त्यांनी बजावलं होतं की काळजीचा एक शब्दही कागदावर येता कामा नये. प्रत्येक पत्र आधी त्यांच्याकडे जायचं, आणि चुकून आलीच तर ती ओळ ते काढून द्यायचे. पहिल्या चार-पाच पत्रांतून त्यांनी काढली. पुढे काढावी लागली नाही.

तर, बाबांची तब्येत कशी आहे? सविस्तर लिही. आता हे दुसरं कुणी वाचणार नाही.

लोभ पूर्वीसारखाच असू दे.
तुझा,
डबडू