एवढं मोठं तरी दिसेल

प्रिय धांदू,

परवा फोनवर तू विचारलंस, देवमासा दिसला का, आणि माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत बाबा ओरडले, 'दिसला की! घराएवढा!' मग तुझा गाडी घासल्याचा किस्सा सुरू झाला आणि माझं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून आता आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात बसून लिहितेय. बाबा बाहेरच्या टेबलावर फोन घेताहेत. त्यांना वाटतंय मी परीक्षेचे अर्ज भरतेय.

आधी खरं ते सांगते. बाबांना मोतीबिंदू नाही. तुला तसं सांगितलं, कारण मोतीबिंदू म्हटलं की माणूस फार विचारत बसत नाही. त्यांच्या डोळ्यांचा पडदा कडेकडेनं मरत चाललाय. डॉक्टरीणबाईंनी कागदाची सुरळी करून माझ्या डोळ्याला लावली आणि म्हणाल्या, यांना एवढंच दिसतं. ही सुरळी बारीक होत जाणार. औषध नाही, ऑपरेशन नाही. एवढा भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि त्याच्याच वाट्याला हे का, म्हणून मी तिथेच रडले. बाबा मात्र घरी येताना म्हणाले, सगळं मिटायच्या आत जगातलं सगळ्यात मोठं काहीतरी बघून घेऊ. एवढं मोठं असलं की कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात दिसेलच.

तुला वाटलं असेल, या वयात म्हाताऱ्यांना परदेशात स्वतः गाडी चालवायची काय ही हौस! हौस कसली गं. टूरबरोबर गेलो असतो तर बाबा प्रत्येक पायरीला अडखळले असते आणि चाळीस जणांनी 'काका, जपून' करून त्यांना जिवंतपणी म्हातारं केलं असतं. म्हणून भाड्याची गाडी. आणि तिथली गंमत ऐक. स्टिअरिंग डावीकडे! जन्मभर मी ज्या सीटवर बसून शिकणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडली, तिथेच चाक. वळायचं म्हणून इंडिकेटरची दांडी ओढावी तर वायपर फिरायचे, कोरड्या ठणठणीत काचेवर. बाबा पोट धरून हसायचे. ते उजवीकडे, आपल्याकडे शिकाऊ बसतात तिथे, आणि समोर चाकच नाही. घाटाच्या वळणावर सहज पाहिलं तर त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, मुठी वळलेल्या, चाक धरल्यासारख्या. नंतर मी त्या बाजूला बघितलंच नाही.

बोटीवर एक चुणचुणीत पोरगी होती, देवमासा हुडकून दाखवणारी. तिनं सांगितलं, बोटीचं नाक म्हणजे घड्याळातले बारा, मी ओरडेन त्या आकड्याकडे बघा. बाबा एकदम खूश. ही तर आपल्याच धंद्यातली भाषा! आपण नाही का सांगत, चाकावर हात दहा वाजून दहावर ठेवा म्हणून? मला म्हणाले, आता तू मध्ये लुडबुडू नकोस, माझं मी बघतो. मी लांब जाऊन उभी राहिले. का राहिले लांब, कोण जाणे.

ती ओरडली, 'तीन वाजता!' आणि आलाच गं तो. काळी, ओली पाठ पाण्यातून वर आली ती संपेचना. फुस्स करून वाफ सोडली, कुजक्या मासळीचा वास थेट तोंडावर. बोटीवरची पोरंटोरं किंचाळायला लागली. आणि बाबा? मान तीनकडे, मग चारकडे, मग परत दोनकडे. एकदा हळूच म्हणाले, 'कुठंय? कुठंय?' मग विचारायचंच सोडलं. मी धावले, त्यांचं डोकं धरून वळवलं, तोवर शेपटी बुडाली होती. सगळे 'आऽऽ' करून थांबले आणि त्यानंतर बाबा म्हणाले, 'अबब!' आरशात बघितलं का म्हटलं की न बघताच 'हो' म्हणणारे शिकाऊ मी जन्मभर पाहिलेत. मला कोण फसवणार! मी म्हटलं, केवढा होता ना हो? ते म्हणाले, घराएवढा. घराएवढा हे शेजारच्या बाईचे शब्द होते. दुपारभर बोट फिरली, पण देवमासा काही परत आला नाही. इतकं केलं आणि हाती धुपाटणं.

गाडीकडे येताना ते पार्किंगच्या खांबावर धडकले. गुडघा चोळत म्हणाले, 'खांबच मध्ये आला.' हे त्यांचं जुनं पालुपद. सायंकाळी कशावर आपटले की ठरलेलं वाक्य, अगदी लग्न झालं तेव्हापासून. आम्ही हसायचो.

आणि परवा तू फोनवर काय म्हणालीस? 'दिवेलागणीला घरी येत होते, फाटकाला गाडी घासली. आई, अगं खांबच मध्ये आला!' आपण तिघंही हसलो. मग बाबांचं हसू जागच्या जागी विरलं. भिंत चाचपत ते आतल्या खोलीत गेले. काल जेवले नाहीत. डॉक्टरीणबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, हे रक्तातून येतं, मुलीला तपासून घ्या. आम्ही म्हटलं, छे, तिची नजर लख्ख आहे, पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवते. पण बाबा अजूनही ओवतात गं. तू लहानपणी अंधार पडला की पाटावर, चपलांवर, मांजरावर पडायचीस. बाबांनी लाडानं धांदरटची धांदू केली आणि सगळ्या घराला तेच नाव लागलं. तू धांदरट नव्हतीसच का गं कधी? काहीच नसेलही, तसं असलं तर मला खुशाल येडी म्हण. पण डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे, पडदा तपासायचाय असं सांग. आणि तोवर गाडीला हात लावू नकोस. मी निघतेय. तुला मी नेईन.

तुझीच,
आई