पाणीवाल्याची धाकटी

प्रिय ताई,

तीन दिवसांत तुझे अकरा फोन येऊन गेले. मी एकही उचलला नाही म्हणून चिडली असशील. उचलला असता तर तू रडली असतीस, आणि तू रडलीस की मी विरघळते हे तुला माझ्या लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. पत्राला रडू ऐकू येत नाही.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तू पंधराची. माझ्या वेण्या तू घातल्यास, माझ्या शाळेत बाईंसमोर आईच्या जागी तू उभी राहिलीस, मला गोवर निघाला तेव्हा तू परीक्षा सोडलीस. यातलं काही मी विसरलेले नाही. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेव, की ते सगळं डोळ्यांसमोर ठेवूनच मी लिहितेय.

बाबांना सगळी मिल 'पाणीवाला' म्हणायची. लोकांना वाटायचं, नळ सोडायचा, नळ बंद करायचा, त्यात काय मोठं. तुला त्यांच्या कामाचा कंटाळा यायचा, पण मी जेवताना कान टवकारून ऐकायचे. लाल तापलेली लोखंडाची लादी दोन रोलांच्या मधून दाबून पत्रा काढतात, आणि त्या रोलांचं अंग सांभाळायचं ते बाबांनी. रोल मधे जास्त तापला की त्याचं पोट फुगतं, पत्रा मधे पातळ आणि कडांना जाड येतो. मग मधल्या तोट्यांना पाणी वाढवायचं, कडेच्या तोट्यांचं कमी करायचं. पण ते खरे भ्यायचे ते गार रोलला. दोन-तीन दिवस मिल बंद राहिली की रोल आतपर्यंत गार पडतो. त्याच्यावर एकदम लाल लादी घातली तर वरचं अंग तापून ताणतं, आतलं अंग गारच राहतं, हलायला तयार नसतं, आणि त्या ओढाताणीत रोल पोटातून तुटतो. म्हणून बाबा तो हळूहळू फिरवत ठेवायचे, कोमट पाणी मारत दोन-दोन तास. मग रोल थांबवून त्याच्यावर तळहात ठेवायचे. पाच आकडे मोजेपर्यंत हात टिकला नाही, तर रोल तयार. हात आरामात टिकला, तर आणखी तासभर थांबा. साहेब लोक हसायचे, पण बाबांच्या पाळीत एकही रोल तुटला नव्हता.

म्हणजे त्या सकाळपर्यंत. बावीस वर्षं झाली. तुझं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. मिल चार दिवसांच्या बंदीनंतर सुरू होणार होती आणि माल घेणारी मंडळी बघायला येणार होती. शिफ्ट इंजिनिअर म्हणून भाऊजीच होते, तेव्हा तुझे होणारे नवरे. बाबा म्हणाले, "अजून दीड तास द्या, हात आरामात टिकतोय." भाऊजी म्हणाले, "मामा, पाहुण्यांना काय तुमचा हात दाखवू?" हे मला बाबांनीच नंतर सांगितलं, तेही एकदाच. चौथ्या लादीला रोल तुटला. पत्रा बाजूला उसळला आणि आपल्या गल्लीतल्या फिटरचा पाय गुडघ्याखाली चिरडून गेला.

संध्याकाळी भाऊजी आपल्या घरी आले. मला तुम्ही आतल्या खोलीत अभ्यासाला बसवलं आणि दार ओढून घेतलं. चौदा वर्षांच्या मुलीला दार ओढून घेतल्यावर ऐकू येत नाही, असं मोठ्यांना का वाटतं कोण जाणे. भाऊजी रडत होते. मी तोवर मोठ्या माणसाचं असं रडणं ऐकलं नव्हतं. "माझंच चुकलं मामा, मी ऐकायला हवं होतं," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यानंतर जे बोलणं झालं ते मला शब्द न् शब्द आठवतं, पण लिहायला हात धजत नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी चौकशीत लिहून दिलं, की पाणी माझ्या हातून बंद राहिलं, रोल फार तापला, मग घाबरून मी एकदम गार पाणी सोडलं आणि म्हणून तो तुटला. सही केली. आठवड्याच्या आत त्यांना कामावरून काढलं आणि दोन आठवड्यांनी तुझं लग्न लागलं.

तू नव्या घरी गेलीस, ताई. आम्ही त्या गल्लीतच राहिलो. फिटर कुबडी घेऊन समोरून आला की बाबा थांबून नमस्कार करायचे. तो थुंकायचा आणि पुढे जायचा. त्याच्या बायकोला एकटीला पाण्याच्या घागरी वाहून आणायला जमेना म्हणून बाबा रोज सकाळी दोन घागरी त्यांच्या दारात नेऊन ठेवायचे. ती त्या ओतून द्यायची आणि रिकाम्या घागरी आमच्या दारात आपटून जायची. एकदा मी बाबांना म्हटलं, कशाला जाता? ते म्हणाले, "ओततात तर ओतू देत. पाणी देणं माझं काम आहे." असं किती वर्षं चाललं असेल? फिटरने घर बदललं तोवर, म्हणजे सात वर्षं. तुला हे कोणी सांगितलं नाही, कारण तुझ्याकडे कोणी जातच नव्हतं. तुझ्या लग्नाच्या फोटोंमध्येही बाबा नाहीत, कधी बघितलंस का? भाऊजींच्या काकांनी त्यांना हळूच बाजूला घेऊन सांगितलं होतं, की मिलमधली माणसं आली आहेत, तुम्ही जरा मागेच राहा.

तरीही मी गप्प होते. मूग गिळून बसायला मी बाबांकडूनच शिकले. पण सहा वर्षांपूर्वी बाबा गेले, त्या दिवशी भाऊजी आले, अंगणात घड्याळ बघत उभे राहिले आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "माणूस फार चांगला होता. कामात जरा ढिला, एवढंच." मी दोन पावलांवर होते. ते थापा मारत नव्हते, ताई. त्यांना ते खरंच वाटत होतं. इतकी वर्षं एकच खोटं ऐकून त्यांचं त्यांनाच पटलं होतं. त्या क्षणी माझ्यात जे पेटलं ते आजपर्यंत विझलेलं नाही, आणि मी ते विझू दिलंही नाही.

तुला मी एवढंच सांगितलं होतं, की मशिनं बसवणाऱ्या कंपनीत नोकरी करते. कोणती मशिनं, हे तू कधी विचारलं नाहीस. रोलांचं तापमान सांभाळणारी. बाबांचा तळहात समज. रोलच्या अंगावर सात ठिकाणी नजर ठेवणारी यंत्रं, त्यांच्या हुकमावर उघडझाप करणाऱ्या तोट्या, आणि एक कुलूप. रोल पुरेसा तापला नसेल तर मिल सुरूच होत नाही. भाऊजी आता मिलचे मॅनेजर, आणि त्यांच्या मिलचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मी ते हट्टाने मागून घेतलं. त्यांना वाटलं, मेहुणी मदतीला आली. मी रोल तुटल्याची जुनी कागदपत्रं मागवली, ती आम्ही सगळीकडेच मागवतो. त्यात बाबांच्या रोलचा फोटो होता. एकदम गार पाण्याने फुटलेला रोल वरून तडकत जातो, कातडी फाटल्यासारखा. या रोलच्या तुटल्या तोंडावर मधल्या बिंदूपासून चारी बाजूंना रेषा गेल्या होत्या. तो आतून तुटला होता, गार होता म्हणून. या धंद्यातल्या कोणीही बघून सांगावं इतकं उघड. पण बाबांनी सही केल्यावर फोटो बघायची गरज कोणाला होती?

आता माझं सांगते. भाऊजींना ते कुलूप खुपत होतं. म्हणाले, "अर्जंट काम आलं तर काय तुमच्या थर्मामीटरची वाट बघत बसू? बाजूने जायची वाट ठेव." अशी वाट ठेवता येते. मॅनेजरच्या सहीने एक किल्ली देतात, ती फिरवली की कुलूप गप्प बसतं आणि तोट्या पुन्हा माणसाच्या हातात येतात. मी नको म्हणू शकले असते, माझ्या साहेबांनी मलाच पाठिंबा दिला असता. मी किल्ली दिली. घेताना त्यांनी विचारलं, "ही फिरवली की कुठे दिसतं का?" मी म्हटलं, "पडद्यावर काही दिसत नाही." खरं तेच सांगितलं. पडद्यावर दिसत नाही. आतल्या नोंदीत दिसतं: कोणाची किल्ली, किती वाजता, रोल किती गार. ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या माणसाचं पाणी मी जोखलेलं होतं. आज ना उद्या ते किल्ली फिरवणार, याची मला जितकी खात्री होती तितकी उद्या उजाडेल याचीही नव्हती.

चार महिने लागले. तीन आठवड्यांपूर्वी, लांबलेल्या बंदीनंतर, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी किल्ली फिरवली. सहाव्या लादीला रोल तुटला. मी संरक्षक जाळ्या दुप्पट लावून घेतल्या होत्या, कोणाला लागणार नाही असं मनाशी पक्कं धरलं होतं. तरी जाळीखालून एक लाल तुकडा निसटला आणि तेल घालणाऱ्या माणसाचा हात कोपरापर्यंत भाजला. तो हात मी हिशेबात धरला नव्हता. दवाखान्यात त्याला भेटायला गेले तर म्हणाला, "बाई, तुमच्या जाळीने वाचलो." मला तिथे बसवेना. ताई, मी चांगली बाई राहिलेली नाही, हे तू सांगायच्या आधी मीच सांगते.

आणि भाऊजींनी काय केलं, हे तर तुला घरीच कळलं असेल. कंट्रोल रूममध्ये पाण्याच्या तोट्या सांभाळणारी एक चष्मेवाली आहे, तिच्यावर ढकललं. तिने पाणी उशिरा सोडलं म्हणे, मग घाबरून एकदम सोडलं. शब्द सुद्धा बदलले नाहीत गं. तिला घरी बसवलंय. दोन मुलींची आई आहे, नवरा नाही. माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाली, "तुम्हाला तरी खरं वाटतं ना, मी नाही केलं?"

त्यानंतर मी फिटरला शोधून काढलं. म्हातारा झालाय, मुलीकडे राहतो. मी पाणीवाल्याची धाकटी म्हटल्यावर आत घ्यायला तयार नव्हता. उंबऱ्यातच उभं राहून फोटो दाखवला आणि रेषांचा अर्थ सांगितला. फिटर तो, अर्ध्या मिनिटात समजला. फोटो घेऊन खाली बसला. मग म्हणाला, "त्याने एकदा तरी सांगायचं होतं. मी त्याच्यावर थुंकायचो." मला वाटलं होतं, हे ऐकून मला गार वाटेल. नाही वाटलं. येत्या गुरुवारच्या चौकशीला तो येऊन बसणार आहे.

आता तुझ्या परवाच्या मेसेजबद्दल. चौकशी अधिकाऱ्याने आमच्याकडे आतली नोंद मागितली तेव्हा ती असते हे भाऊजींना कळलं, आणि लगेच तुझे फोन सुरू झाले. "बाबांनी तेव्हा घर वाचवलं, आता तू वाचव. तेवढी नोंद पुसून टाक." तो वाचला आणि इतकी वर्षं मी ज्याला हात लावला नव्हता ते वर आलं. त्या संध्याकाळी दाराआड भाऊजींनी बाबांकडे काहीही मागितलं नव्हतं. ते सकाळी साहेबांकडे जाऊन सगळं सांगतो म्हणत होते. त्यांना गप्प केलंस ते तू. "तुम्ही म्हातारे झालात बाबा, तुमचं काय जाणार आहे? याचं सगळं जाईल." हे तू म्हणालीस. बाबा पन्नास वर्षांचे होते. मी स्वतःला सांगत आले की हा सूड भाऊजींवरचा आहे, पण बघ, पत्र तुला लिहितेय. नोंद मी आज सकाळी अकरा वाजता चौकशी अधिकाऱ्याच्या हातात दिली, जुन्या फोटोसकट. सोबत माझाही कागद दिला, की काय होणार हे ओळखून किल्ली मी दिली. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. चष्मेवाली कामावर परत येईल. हे पत्र पोचेल तेव्हा भाऊजींना बोलावणं आलेलं असेल. ते घरी येऊन तुझ्यासमोर बसतील, आणि कोण जाणे, त्या संध्याकाळसारखे खरं सांगून टाकायला तयारही होतील. या वेळी त्यांना अडवू नकोस.

तुझ्याच हाताखाली वाढलेली,
धाकटी