बंद न झालेली डीव्हीडी आणि ‘निरंक’ हा शेरा

प्रति,
मा. पालकत्व निर्णय अधिकारी,
बालहित कार्यालय, दुसरा मजला
(टेबल क्रमांक सहा मार्फत)

अर्जदार : मुलीचा सख्खा मामा, व्यवसाय पुस्तकबांधणी

विषय : लॅपटॉपच्या डीव्हीडी रायटरचे फर्मवेअर मिळेपर्यंत मुदतवाढ मिळण्याबाबत, आणि ते न मिळाल्यास आदेशातील एक शब्द बदलून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक, ‘ध्वनिचित्र पुराव्यांचे स्वरूप’
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज (उत्तर अद्याप अप्राप्त)
३) आपला गेल्या मंगळवारचा आदेश

महोदय,

अर्जदार पुस्तके बांधतो, लिहीत नाही. म्हणून हा अर्ज त्याने सांगितला आणि आपल्याच कार्यालयाच्या जिन्याखाली बसणाऱ्या टंकलेखकाने लिहिला. भाषेत काही कमीजास्त झाले असल्यास तो दोष टंकलेखकाचा समजावा. गाऱ्हाणे मात्र अर्जदाराचे आहे आणि ते सांगताना तो तीन वेळा उठून बाहेर जाऊन आला, हेही नमूद करणे क्रमप्राप्त आहे.

१. अर्जदाराची थोरली बहीण, म्हणजे ताई, दीड वर्षापूर्वी आजारपणात वारली. तिचे यजमान त्याआधीच गेले होते. मागे एक मुलगी राहिली, वय वर्षे नऊ, घरात तिला बिट्टी म्हणतात. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून बिट्टी मामा-मामीकडे आहे. घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत शिलाईची चौकट, कागद कापायचे यंत्र आणि खळीचे पातेले. मुलगी पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसून गृहपाठ करते आणि तिच्या सगळ्या वह्यांना कापडी कणा आहे. मुलीचे काका दुसऱ्या शहरात राहतात. त्यांचे घर मोठे आहे, मुलीसाठी त्यांनी वेगळी खोली रंगवून ठेवली आहे. माणूस वाईट नाही, असे अर्जदार स्वतः म्हणतो. फक्त दीड वर्षात ते एकदा भेटायला आले, तेव्हा त्यांनी मुलीला भलत्याच नावाने हाक मारली. आईची इच्छा पुराव्याने सिद्ध झाली तर मुलगी आईने सांगितलेल्या घरी राहील, न झाली तर वडिलांकडच्या नातलगांकडे जाईल, असा आपला नियम आहे. नियमाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

२. आईने इच्छा सांगितली होती. दवाखान्याच्या खाटेवर, उशीला टेकून, साडेचार मिनिटे. अर्जदाराच्या घराखाली फोटो स्टुडिओ आहे, तो स्टुडिओवाला कॅमेरा घेऊन आला होता. त्याने चित्रण कॅमेऱ्याच्या कार्डातून ताईच्याच लॅपटॉपवर लागलीच डीव्हीडीत उतरवले, कारण दुसऱ्या दिवशी त्याला कार्ड एका समारंभासाठी रिकामे हवे होते. डिस्कवर गेले की कार्ड पुसायचे, ही त्याच्या धंद्याची रीत. डिस्क लिहून झाल्यावर लॅपटॉपने विचारले, ‘डिस्क बंद करायची का? बंद केल्यावर तिच्यात काही वाढवता येणार नाही.’ स्टुडिओवाल्याने अर्जदाराकडे पाहिले. अर्जदाराने ‘नाही’वर बोट ठेवले.

येथे अर्जदाराची चूक झाली, आणि ती तो कबूल करतो. परंतु बांधणीच्या धंद्यात शेवटचा फॉर्म, म्हणजे छापील पानांचा शेवटचा ताव, छापखान्यातून आल्याशिवाय पुस्तक शिवत नाहीत. तीस वर्षांची ती सवय. दुसरे असे की बहीण समोर जागी होती. तिच्या डोळ्यांदेखत ‘यापुढे काही नाही’ या अर्थाचे बटण दाबायला त्याचा हात धजावला नाही. ताई अकराव्या दिवशी गेली. पुढचे बोलणे झाले नाही आणि डिस्क तशीच उघडी राहिली.

३. सदर डिस्क अर्जदाराने आपल्या कार्यालयात सादर केली. टेबल सहावरील लिपिकबाईंनी ती कार्यालयाच्या यंत्रात घातली. यंत्र थोडा वेळ घरघरले आणि ‘डिस्क कोरी आहे’ असे म्हणाले. बाईंनी नोंदवहीत लिहिले, ‘पुरावा : निरंक’. अर्जदाराने घरी येऊन तीच डिस्क ताईच्या लॅपटॉपमध्ये घातली, तर ताई समोर हजर. बिट्टी तेव्हा शाळेतून आली होती, तिने दप्तर न काढता साडेचार मिनिटे उभ्याने पाहिले. स्टुडिओवाल्याने उलगडा केला, तो असा : “बंद न केलेली डिस्क, जिने लिहिली तीच ड्राइव्ह वाचते. बाकीच्यांना ती कोरीच दिसते.” म्हणजे साऱ्या जगात एकच यंत्र ताईचे ऐकायला तयार होते, आणि ते परिपत्रकात बसत नव्हते.

४. यावर कोणीही म्हणेल की प्रत काढून द्यावी. अर्जदाराने ती दिली. त्याच लॅपटॉपवरून चित्रण पेन ड्राइव्हमध्ये घेऊन, स्टुडिओतून नव्या डिस्कवर उतरवून, रीतसर बंद करून दिली. लिपिकबाईंनी ती पूर्ण पाहिली. पाहून झाल्यावर त्यांनी पदराने डोळे टिपले, हे टंकलेखकाने स्वतः पाहिलेले आहे, कारण तो तेव्हा वर चहाचा कप परत करायला गेला होता. मग बाईंनी प्रत परत केली. नव्या डिस्कवर तारीख नवीन पडली होती. त्या तारखेप्रमाणे मयत व्यक्तीने मृत्यूनंतर सोळा महिन्यांनी जबाब दिल्याचे दिसते, आणि असा जबाब ग्राह्य धरता येत नाही. अर्जदार म्हणाला, “बाई, तुम्ही आत्ता डोळ्यांनी पाहिलंत ना?” त्या म्हणाल्या, “पाहिलं हो. पण पाहिलं असं लिहायला रकाना नाही.” मूळ डिस्क आणा, आणि ती बंद करून आणा, असे त्यांनी सांगितले. बाईंचा यात काही दोष नाही. त्यांनाही वर उत्तर द्यावे लागते.

५. मग घोडे अडले ते डिस्क बंद करण्यापाशी. लॅपटॉपने कळवले की एकदा उघडी सोडलेली या प्रकारची डिस्क या ड्राइव्हला मागाहून बंद करता येत नाही, फर्मवेअर अद्ययावत करावे. आपल्या माहितीसाठी : ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरने ड्राइव्हशी कसे बोलावे याची रीत, आणि फर्मवेअर म्हणजे ड्राइव्हची स्वतःची, पोटातली अक्कल. रीत कॉम्प्युटरमध्ये आधीच होती. अक्कल नवी हवी होती. हा फरक अर्जदाराला फार उशिरा कळला, तोवर तो पंधरा दिवस ड्रायव्हरच शोधत होता.

लॅपटॉपच्या कंपनीला लिहिले. उत्तर आले की ड्राइव्ह आम्ही बनवत नाही, ड्राइव्हवाल्यांना विचारा. ड्राइव्हवाल्यांना लिहिले. उत्तर आले की लॅपटॉपमध्ये बसवून विकलेल्या ड्राइव्हची जबाबदारी लॅपटॉपवाल्यांची. अर्जदाराने दोन्ही उत्तरे जोडून दोघांनाही पाठवली, की आता तुम्ही एकमेकांत ठरवा. त्यावर लॅपटॉपच्या कंपनीने कळवले की हे मॉडेल जुने झाल्याने त्याचे पान काढून टाकले आहे, आणि आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात ते एक ते पाच आकड्यांत सांगावे. अर्जदाराने शून्य लिहिले. तो आकडा त्यांचे पान स्वीकारत नाही.

६. यानंतर अर्जदार इंटरनेटवर हिंडला. तेथे ‘ड्रायव्हर येथे मिळेल’ अशी बटणे पुष्कळ आहेत. एक दाबले की दुसरे येते आणि दुसरे दाबले की पहिले परत येते. एका ठिकाणाहून सगळे ड्रायव्हर आपोआप शोधणारी सोय उतरवून घेतली. तिने लॅपटॉपमध्ये शेहेचाळीस दोष काढले, त्यांत डीव्हीडी रायटरचे नाव नव्हते, आणि दुरुस्तीच्या भरात लॅपटॉपचा आवाज घालवला. मामी म्हणाली, “आधी दिसायची वानवा होती, आता ऐकायचीही झाली.” आवाज परत आणायला गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने चार दिवस घेतले. म्हणतात ना, आगीतून फुफाट्यात.

अखेर एका चर्चेच्या पानावर अर्जदाराला त्याच ड्राइव्हचे दुखणे घेऊन आलेला एक परका मनुष्य भेटला. आठ वर्षांपूर्वी त्याने शब्दन्‌शब्द हीच अडचण लिहिली होती. डिस्कवर त्याच्या वडिलांचे काहीतरी होते. खाली कोणाचेच उत्तर नव्हते. शेवटी त्याने स्वतःच लिहिले होते, “मिळालं. झालं काम. आभार.” कुठे मिळाले, ते लिहिलेले नाही. अर्जदाराने त्याला सात वेळा निरोप धाडला. तो मनुष्य आता तिथे येत नाही. अर्जदाराचा कोणावर राग नाही, पण या एका माणसावर आहे, आणि हे वाक्य काढून टाकावे असे टंकलेखकाने सुचवले असता अर्जदाराने साफ नकार दिला.

७. दुरुस्तीवाल्याने मग कुठूनतरी एक फाइल मिळवून दिली. नाव जुळत होते, क्रमांक जुळत होता. तो आधीच म्हणाला होता, “काका, हे अंधारात दगड मारण्यासारखं आहे. लागलं तर लागलं. नाहीतर ड्राइव्ह गेली समजा.” अर्जदाराने एक आठवडा विचार केला. पण सुनावणी चार दिवसांवर आली होती. न करावे तर पुरावा नाही, करावे तर यंत्र जायची भीती. इकडे आड, तिकडे विहीर. रविवारी सकाळी मामी आणि बिट्टी दोघी शेजारी बसल्या असताना त्याने ती फाइल चालवली. पट्टी भरत भरत शेवटाला गेली आणि थांबली. मग ड्राइव्हवरचा बारीक हिरवा दिवा विझला. तो परत लागला नाही.

डिस्क आतच होती. ड्राइव्हला पुढून सुईएवढे भोक असते, त्यात अर्जदाराने आपले शिवणीचे दाभण घालून कप्पा उघडला आणि डिस्क बाहेर काढली. डिस्कला ओरखडासुद्धा नाही. पण तिला वाचणारे एकमेव यंत्र आता राहिलेले नाही. तसल्या ड्राइव्ह बनायच्या बंद झाल्याला बरीच वर्षे झाली. आता मूळ डिस्क सगळीकडेच कोरी दिसते. याबाबतीत तरी आपले यंत्र खोटे बोलत नव्हते, एवढे समाधान अर्जदाराला हवे असल्यास मिळू शकते.

८. सुनावणी झाली. आपला आदेश मंगळवारी मिळाला. त्यानुसार येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मुलीला तिच्या कपड्या-पुस्तकांसह कार्यालयात आणून काकांच्या स्वाधीन करायचे आहे. आदेशात कारण एका ओळीत आहे : ‘मातेची इच्छा : निरंक’.

अर्जदाराने प्रथम मुदतवाढ मागावी असे ठरवले होते. आपण कार्यालयाच्या कागदावर लॅपटॉपच्या कंपनीला फर्मवेअरसाठी लिहावे, त्यांना सरकारी शिक्का पाहून तरी पाझर फुटेल, अशीही विनंती करणार होता. विषयात ती लिहून झाली आहे म्हणून राहू दिली आहे. परंतु ड्राइव्हच उरली नाही, तर अक्कल कोणाला द्यायची, हे त्यालाही कळते. वरातीमागून घोडे आणून उपयोग नाही. सोमवारी तो मुलीला घेऊन वेळेवर हजर राहील.

मागणे आता एकच आहे. मुलगी चौथीत आहे आणि तिला वाचता येते. आदेश टेबलावर पडला होता, तो तिने वाचला. तिने विचारले, “मामा, निरंक म्हणजे काय?” अर्जदाराने आदेश घडी घालून खिशात ठेवला. पण मुलगी शब्दकोश बघायला शिकली आहे आणि घरात बांधणीला आलेला एक शब्दकोश होता. संध्याकाळी ती एवढेच म्हणाली, “पण आई तर बोलली होती.” अर्जदाराला मुलगी जाण्याचे दुःख आहेच, ते सांगून कमी होणार नाही. पण आईला आपल्याबद्दल काही सांगायचेच नव्हते, असे सरकारच्या शिक्क्यानिशी लिहिलेले घेऊन पोरीने जन्म काढावा, हे त्याला सोसत नाही.

आपली आदेशांची नोंदवही अर्जदाराने स्वतः बांधलेली आहे. गेली बारा वर्षे या कार्यालयाच्या सगळ्या नोंदवह्या त्याच्याकडेच येतात. तिचे पान काढता येऊ नये अशीच शिवण घालण्याचा कार्यालयाचा हुकूम होता, आणि त्याने ती तशी घातली आहे, दुहेरी दोऱ्याने. म्हणून पान काढा, असे तो म्हणत नाही. त्या ओळीतला ‘निरंक’ हा एक शब्द खोडावा आणि वरच्या मोकळ्या जागेत आपल्या सहीने लिहावे : ‘इच्छा होती. आमच्या यंत्राला दिसली नाही.’ ओळींमध्ये तेवढी जागा सोडलेली असते. निर्णय बदलायची गरज नाही.

आपल्याच वह्यांचा बांधणारा,
(सही)
बिट्टीचा मामा

गुरुवार. सोमवारला चार दिवस बाकी.

(लिहून देणार : जिन्याखालचा टंकलेखक. याने आजवर बरेच अर्ज लिहिले, एवढे कमी मागणारा पहिलाच.)

सोबत :
१) मूळ डीव्हीडी, एक. कोरी दिसते.
२) प्रत, एक. दिसते, पण ग्राह्य नाही.
३) दोन्ही कंपन्यांची उत्तरे, एकमेकांना जोडून.
४) मातेचे बोलणे, एक पान, पेन्सिलीने. मुलीने प्रत ऐकून पाठ केले व स्वतः लिहिले. अर्जदाराने शुद्धलेखन तपासलेले नाही. शेवटच्या ओळी येथे उतरवून देत आहे, म्हणजे पान गहाळ झाले तरी अर्जात राहतील :
“बिट्टी मामाकडेच राहील. तिला अंधाराची भीती वाटते, दाराशी दिवा ठेवत जा. आणि अजून खूप सांगायचंय, पण आता दमले रे. उद्या सांगते. ते बंद नको करू.”